बहिरीचा कान

कौलांच्या कारखान्याची जुनी खाण त्या वर्षी पाण्याखाली गेली आणि माती नव्या खाणीतून येऊ लागली. तिथपासून सगळं बिघडत गेलं. नवी माती दिसायला तशीच तांबूस, हाताला तशीच मऊ. पण तिच्या पोटात चुनखडीचे बारीक खडे होते. कच्च्या कौलात ते कळत नसत. भट्टीत कौल तापलं की आतला खडा फुगायचा आणि कौलाला केसाएवढी चीर जायची, तीही आतल्या आत. वरून पाहावं तर कौल लालबुंद, देखणं. छपरावर चढवलं आणि माणसाचा पाय पडला, की दोन तुकडे.

दोन गाड्या माल परत आला. मालक मुकादमाला सगळ्यांच्या देखत बोलला, मुकादम साच्यावरच्या माणसांना बोलला, आणि साच्यावरची माणसं घरी जाऊन बायकांना बोलली. पाणी उताराकडेच वाहतं. मग मुकादमाने सांगून टाकलं, की यापुढे ज्याच्या खुणेची कौलं फार फुटकी निघतील तो साच्यावरून उतरेल आणि ओझी वाहील. साच्यावर सात जण होते. प्रत्येक जण कच्च्या कौलाच्या पाठीवर खिळ्याने आपली खूण काढायचा. बहिरीच्या बापाच्या दोन उभ्या रेघा, त्याच्या थोरल्या भावाचा गोल, टक्कल पडलेल्या एका आडदांड माणसाची चौकट. बाकीच्यांच्या अशाच कायकाय.

बहिरीची आई ओली कौलं फळीवर रचून डोक्यावरून वाळवायच्या मांडण्यांकडे न्यायची. एका फळीवर बारा कौलं, आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत अशा किती फळ्या, हे तिने कधी मोजलं नव्हतं. तिच्या मानेनं मोजलं होतं. मान डावीकडे वळायची बंद झाली त्याला दोन वर्षं झाली होती. डावीकडे कोणी बोललं तर ती सगळ्या अंगाने वळायची, आणि बाकीच्या बायका म्हणायच्या, आली बघा पालखी वळत. तीही हसायची. हातावर पोट असलं की माणूस स्वतःवरही हसायला शिकतो.

तिला एकच मूल, नऊ वर्षांची मुलगी. तिला सगळे बहिरी म्हणत, कारण हाक मारली तर ती बघत नसे. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी नाही. पण मांडण्यांच्या पार त्या टोकाला फळीवरचं एखादं कौल घसरलं, तर पडायच्या आधीच तिची मान तिकडे वळलेली असायची. जेवायला बसवली की ताटलीच्या कडेला बोट घासत बसायची, घास हातातच राहायचा. पाणी आणायला पाठवली तर बादली नळाखाली भरून वाहायची आणि ही तिच्याकडे बघत उभी. एकदा दुपारभर उभी होती. मागे बायकांची रांग लागली, शिव्या झाल्या, कोणी तरी तिला ढकललं, आणि ती उठून पुन्हा तिथेच येऊन उभी राहिली.

शाळेत तीन महिने टिकली. पन्नास पोरांचा कलकलाट सुरू झाला की ती कान दाबून बाकाखाली जायची आणि डोकं बाकाच्या पायावर आपटायची. शेवटी शाळेच्या बाई स्वतः खोलीवर आल्या. तरुण होत्या, शिकलेल्या होत्या, आणि खाली बसून बोलल्या, म्हणून बहिरीच्या आईला त्यांचं बोलणं शब्दन् शब्द लक्षात राहिलं.

"तिचे कान चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "तिचं लक्ष एका ठिकाणी बसलं की तिथून उठत नाही. तुमची हाक तिच्यापर्यंत पोचतच नाही. आधी समोर जा, खांद्याला हात लावा, थांबा, मग बोला. एका वेळी एकच गोष्ट सांगा. आणि मोठे आवाज तिला आपल्यासारखे नुसते ऐकू येत नाहीत, तिला त्यांचा चटका बसतो. खरा चटका, भाजल्यासारखा. ते माती मळायचं यंत्र आहे ना तुमच्याकडे, त्याच्या जवळ तिला कधी नेऊ नका."

अशी मुलं असतात, त्यांना शिकवणारी माणसंही मोठ्या गावात असतात, असंही बाई म्हणाल्या. मग त्यांची बदली झाली. बहिरीच्या आईने मात्र सांगितलेलं पाळलं. खांद्याला हात लावून ती थांबायची, आणि मुलगी कधीकधी खरंच बघायची. यंत्र सुरू व्हायच्या वेळी ती पोरीला उचलून भट्टीमागे थोरल्या दिरांजवळ नेऊन बसवायची.

थोरल्या दिरांना मूलबाळ नव्हतं. त्यांना पोरीचं वावडं नव्हतं, कौतुकही नव्हतं. ते तिला शेजारी बसू द्यायचे, बस्स. माल परत आल्यापासून साच्याचं काम आटोपलं की ते भाजलेल्या कौलांच्या ढिगाशी बसून लाकडी दांड्याने एकेक कौल ठोकून बघत. चांगलं कौल खणखणतं, फुटक्याचा आवाज बसका येतो. पण केसाएवढ्या चिरेचा बसकेपणा ओळखायला कान तरणे लागतात, आणि कारखान्यातल्या सगळ्यांचे कान यंत्राने खाल्ले होते. ते ठोकायचे आणि चांगलं म्हणून डावीकडे ठेवायचे. दोन-चार दिवस असं चाललं. मग एका दुपारी बहिरी उठली, डाव्या ढिगातून एक कौल काढलं आणि उजवीकडे ठेवलं. मग आणखी एक. त्यांनी ते परत डावीकडे ठेवलं, तिने परत उजवीकडे.

मुकादम तिथून चालला होता. काय पोरखेळ लावलाय, असं म्हणत त्याने उजवीकडचं एक कौल उचललं आणि गुडघ्यावर आपटलं. ते आतल्या चिरेवरून सरळ फाटलं. त्याने दुसरं आपटलं, तिसरं आपटलं. पोरीने चौदा कौलं वेगळी काढली होती. चौदाच्या चौदा चिरेवर फुटली. मग त्याने डाव्या ढिगातली पाच उचलून फोडली. गुडघा सोलवटून निघाला तेव्हा कुठे ती फुटली, आणि आत चीर नव्हती. मुकादम पोरीकडे वळला. गुडघा चोळत म्हणाला, "बहिरी म्हणे."

दुसऱ्या दिवसापासून बहिरी ठोकायला बसली. शेडच्या मागे, भिंतीच्या आडोशाला, यंत्रापासून दूर. तिच्या एका बाजूला भट्टीतून निघालेला ढीग, दुसऱ्या बाजूला दोन रिकाम्या जागा, डावी चांगल्या कौलांची, उजवी फुटक्यांची. ती एकदा ठोकायची, डोळे मिटायची, ठेवायची. दिवसाला ती इतकी कौलं बघायची की मुकादमाला तेवढी मोजायला जमायची नाहीत. मालक येऊन बघून गेला. पाहुणे आले तर त्यांना आणून दाखवू लागला, जशी एखाद्याने दुभती गाय दाखवावी. आणि बहिरीच्या घराला कामगारांच्या खोल्यांच्या रांगेतली टोकाची खोली मिळाली. तिला खिडकी होती आणि दाराशी स्वतःचा नळ होता.

बहिरीच्या आईला आयुष्यात पहिल्यांदा मान ताठ ठेवावीशी वाटली; ती तशीही ताठच होती. बायका तिला वाट देऊ लागल्या. काही दिवस तिने काही पाहिलं नाही. मग पाहिलं. पोरीचं बसलेलं लक्ष आपणहून उठत नव्हतं. तहान लागली तरी ती उठायची नाही. कपड्यातच लघवी व्हायची आणि ती त्याच ओल्यात ठोकत राहायची. उजव्या हाताची बोटं सुजून टुमटुमीत झाली, अंगठ्याची कातडी गेली, दांड्याला रक्त लागलं. आई खांद्याला हात लावून थांबायची, बाईंनी सांगितलं तशी. पण आता त्याचाही उपयोग होत नव्हता. एकदा तिने पोरीला बळाने उचललं, तेव्हा पोरीने तिच्या मनगटाचा लचका तोडला. त्या रात्री तिने नवऱ्याला म्हटलं की पोर झिजतेय, दिवसाआड बसवू. नवरा मनाने वाईट नव्हता, पण दाराशी नळ असलेल्या खोलीत तो पहिल्यांदाच झोपत होता.

"कामच करतेय ना," तो म्हणाला. "आपण नाही झिजत?"

 फडकं भिजवून पोरीच्या बोटांना बांधून ती आडवी झाली.

फुटक्या कौलांचा ढीग रोज संध्याकाळी मुकादम खुणांप्रमाणे लावायचा, आणि रोज गोल सगळ्यात जास्त निघायचे. थोरल्या दिरांचा हात कापायला लागला होता. साच्यात माती घालताना ती नीट दाबली जात नव्हती, आत पोकळ राहत होती, आणि खडा नसला तरी कौल तडकत होतं. हे त्यांनी बायकोपासूनसुद्धा लपवलं होतं. पोरीने आठ दिवसांत ते सगळ्या कारखान्यापुढे मांडलं.

बहिरीच्या आईने होता होईल ते केलं. संध्याकाळ व्हायच्या आधी, मुकादम यायच्या आधी, ती रिकामी फळी घेऊन तिथून जायची आणि उजव्या ढिगातले पाच-सहा गोल उचलून डावीकडे सरकवायची. पोरगी उठायची आणि ते परत उजवीकडे आणायची. आई पुन्हा न्यायची, पोरगी पुन्हा आणायची. पोरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हट्ट नव्हता. वाकडं ठेवलेलं पातेलं बाईमाणूस जातायेता सरळ करतं तशी ती करत होती. असं अकरा वेळा झालं. आईने तिचा खांदा धरला, थांबली, आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की हा गोल मोठ्या काकांचा आहे, गोल आला की इकडे ठेव. पोरीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग कौल उचललं, ठोकलं, डोळे मिटले आणि उजवीकडे ठेवलं.

तेव्हा आईने तिला मारलं. आधी गालावर, मग पाठीत, मग हाताला जो दांडा लागला त्याने. पोरगी रडली नाही. दांडा हातात नव्हता म्हणून ती बोटाच्या हाडाने ठोकू लागली.

"अगं, मारू नकोस तिला," मागून थोरले दीर म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नव्हतं. "माझा हात गेलाय. तिनं फक्त ऐकलंय."

चाळीस वर्षं साच्यावर काढलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून भट्टीच्या तोंडाशी लाकडं वाहू लागला. खांद्यावर ओंडका घेतला की त्यांची मान खाली जायची, आणि समोरून येणाऱ्याला वाटायचं की हे पाया पडतायत. पोरंटोरं त्यावर हसायची. जाऊबाईंनी बोलणं टाकलं. त्या टोकाच्या खोलीवरून जाताना दर वेळी उंबऱ्यावर थुंकायच्या. मग चौकटीची खूण काढणारा तो टकल्याही एका दिवसात पंचवीस फुटक्यांनी पकडला गेला, आणि पुढच्या वेळी साचा सुटेल अशी ताकीद त्याला मिळाली. त्याची बायको आली आणि ओल्या मातीचा गोळा पोरीच्या तोंडावर मारून गेली. नाकातोंडात माती गेली, पोरगी खोकली आणि ठोकत राहिली. बाकीच्या बायका फळ्या डोक्यावर घेऊन तशाच उभ्या होत्या.  फिदीफिदी मात्र दोघीतिघी हसल्या.

त्यातच मोठं गिऱ्हाईक आलं. कुठेशी एक मोठी इमारत उभी राहत होती, हजार माणसं बसतील एवढी, आणि तिच्या छपराला कौलं हवी होती. ठेकेदाराने आपला माणूस पाठवला. त्या माणसाच्या कानावर पोरीची ख्याती गेली होती. तो म्हणाला, मला तुमच्या मुकादमाचा भरवसा नको, ती पोरगी माझ्यासमोर बसवा, ती डावीकडे ठेवेल ते मी उचलतो. मालक हसून हो म्हणाला. तो माणूस निघून गेल्यावर त्याचं हसू उतरलं. कारण भट्टीतून नुकताच निघालेला घाणा सगळ्यात वाईट होता. निम्मी कौलं आतून गेलेली होती, आणि दुसरा घाणा लावायला ना वेळ होता ना चांगली माती.

मालकाने बहिरीच्या आईबापांना आपल्या खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं, ते उभेच राहिले. मालक गोड बोलला. म्हणाला, पोर तुमची आहे, तुम्ही सांगाल तसं ऐकेल. सगळी डावीकडे गेली पाहिजेत, दिसायला म्हणून थोडी उजवीकडे. नाही गेली तर भट्टी विझेल, आणि विझली तर सगळ्यात आधी टोकाची खोली रिकामी होईल. बाप स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मुकादम म्हणाला की दोन लगावल्या की ऐकेल.

"मारून उपयोग नाही," बहिरीची आई म्हणाली. "मी मारून बघितलंय."

 मालक टेबलावर बोटं वाजवत होता. बाहेर जाऊबाई भांडी घासत होत्या, त्याचा आवाज येत होता. बहिरीच्या आईला खिडकी आठवली, नळ आठवला, पुन्हा त्या मधल्या अंधाऱ्या खोलीत जायचं आणि बायकांच्या रांगेत बादली घेऊन उभं राहायचं, हे आठवलं. त्या बायका आता काय काय बोलतील तेही तिला आत्ताच ऐकू आलं. आणि तिच्या तोंडून ते निघालं. पुढे ती स्वतःला पुष्कळदा सांगायची की ते आपल्याकडून वदवून घेतलं. पण तिला कोणी काही विचारलेलं नव्हतं.

"यंत्र चालू असलं ना," ती म्हणाली, "की तिला काही कळत नाही."

ठेकेदाराचा माणूस आला त्या सकाळी बसायची जागा यंत्राशेजारी मांडली होती, चार हातांवर. माती थोडी उरलीय, यंत्र बंद ठेवून चालणार नाही, असं मुकादमाने त्याला सांगितलं. तो म्हणाला, चालू दे, मला त्याचं काही नाही. यंत्र सुरू झालं. पट्टा धडधडायला लागला, लोखंडी पाती मातीतले खडे भरडायला लागली, पायाखालची जमीन हलायला लागली. बहिरीने दोन्ही कान दाबले आणि ती उठून पळाली. बापाने तिला शेडच्या दाराशी पकडलं आणि उचलून आणलं. ती पुन्हा पळाली. तिसऱ्या वेळेला आई तिच्या मागे मांडी घालून बसली, पोरीला मांडीत घेतलं, दोन्ही पाय आपल्या पायांनी आवळले, आणि मागून हात घालून तिची दोन्ही मनगटं कानांवरून खाली ओढली.

मग आईने पोरीच्या उजव्या हातात दांडा घातला, वरून आपली मूठ आवळली आणि कौल ठोकलं. आवाज आला की नाही कोणास ठाऊक. ते डावीकडे ठेवलं. दुसरं ठोकलं, डावीकडे ठेवलं. पंधरा-वीस झाली की एखादं उजवीकडे. पोरगी ताठ झाली होती, लाकडासारखी. मग तिने मागे डोकं आपटायला सुरुवात केली, आईच्या हनुवटीवर, दातांवर. आईच्या तोंडात रक्त आलं, ते तिने गिळलं. पोरगी किंचाळत होती. यंत्रापुढे ती किंकाळी कोणालाच ऐकू गेली नाही. आईला ती फक्त छातीशी लागून जाणवत होती, पोरीच्या बरगड्या थरथरायच्या त्यावरून.

ठेकेदाराचा माणूस कानांवर रुमाल धरून दोन हात लांब उभा होता. त्याने मुकादमाच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं. मुकादमाने ते नंतर हसतहसत सगळ्यांना सांगितलं. तो म्हणाला होता, आईचा जीव बघा, पोर आजारी दिसते तरी मांडीवर घेऊन काम उरकतेय.

दुपारपर्यंत तसं चाललं. मध्ये एकदा पोरगी ओकली, आईच्या हातांवर आणि कौलांवर. मुकादमाने पाणी ओतलं. नंतर ती किंचाळायची थांबली. अंग सैल पडलं, मान एका बाजूला गेली, डोळे उघडे होते पण कशावरच नव्हते. त्यानंतर काम भराभर झालं. हात हलका झाला होता, कुठेही न्यावा तिकडे जात होता. शेवटची शे-दोनशे कौलं तर आईने इतक्या वेगात सारली, की ठेकेदाराचा माणूस खूश होऊन मोजायचं थांबला.

गाड्या भरून गेल्या. यंत्र बंद झालं. आईने मिठी सोडली तेव्हा तिचे हात उघडेनात. नवऱ्याने एकेक बोट सोडवलं. पोरीच्या मनगटांवर निळे वळ उमटले होते. थोरले दीर ओंडका घेऊन शेडच्या दारातून सगळं बघत उभे होते. त्यांनी ओंडका खाली टाकला नाही, की ते आत आले नाहीत. तिला वाटलं, जाऊबाईंसारखे थुंकले असते तरी बरं झालं असतं.

बहिरी दोन दिवस खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी उठली, जेवली, बादलीशी खेळली. मुकादमाने तिला नेऊन जुन्या जागी बसवलं, शांत आडोशाला, आणि हातात दांडा दिला. तिने दांडा ठेवून दिला. त्याने स्वतः एक कौल ठोकून दाखवलं, तशी ती उठली, कान झाकले आणि मातीच्या मोठ्या ढिगापलीकडे जाऊन बसली. तिथे आवाज येत नसे. त्या दिवशी सात वेळा आणून बसवली, सात वेळा गेली. मारली, खाऊ दिला, थोरल्या दिरांना शेजारी बसवलं. काही नाही. कौलाला तिने नंतर हात म्हणून लावला नाही. कोणी लावला आणि किणकिण झाली, तरी ती लांबून आडवाट धरायची.

आठवडाभर मुकादम थांबला. मग त्याने दारात येऊन सांगितलं की टोकाची खोली ठोकणाऱ्याची आहे. तुमच्यातलं कोणीतरी बसा, नाहीतर सामान उचला. नवऱ्याला साचा सोडता येत नव्हता. बहिरीच्या आईने विचार केला, की इतके दिवस पोरीजवळ उठलोबसलो, तिच्या हाताला हात लावून ठोकलं, काही तरी कळेलच. आणि फळी डोक्यावर नसली की मानेलाही बरं.

सकाळी ती बसली. पहिलं कौल ठोकलं. खणकन वाजलं. दुसरंही खणकन वाजलं, तिसरंही. तिने पोरीसारखे डोळे मिटून पाहिले. मिटल्यावर तिला मातीचा वास आला, स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू आले, पण कौलं सगळी एकाच गळ्याने बोलत होती. तिने मातीच्या ढिगाकडे पाहिलं. पोरगी पलीकडे होती, तिच्या डोक्यावरचे केस तेवढे दिसत होते. आईने हाक मारली नाही. मारून काय होणार होतं. उठून गेली, समोर बसली, खांद्याला हात लावला आणि थांबली. पोरीने खांदा हळूच हाताखालून काढून घेतला आणि आणखी चार पावलं लांब जाऊन बसली. आई परत येऊन ठोकू लागली.

दुपारपर्यंत डावीकडचा ढीग कमरेएवढा झाला आणि उजवीकडे एकही कौल नव्हतं. तेवढ्यात मुकादम आला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने विडी काढली, पेटवली. एवढ्या मालात एकही फुटकं नाही, हे त्यालाही खरं वाटणार नव्हतं आणि तिलाही वाटत नव्हतं. मांडण्यांकडे जाणाऱ्या बायकाही पाय हळू करून बघत होत्या. त्यांच्यात चौकटवाल्याची बायको होती.

बहिरीच्या आईने पुढचं कौल उचललं. ठोकलं. खणखणीत वाजलं. ते खाली ठेवता ठेवता उलटं झालं, आणि पाठीवरची चौकट दिसली. तिने ते उजवीकडे ठेवलं.

मुकादम विडीचा धूर सोडून मान हलवत निघून गेला.  मग तिने पुढचं कौल घेतलं, आधी उलटं करून पाठ पाहिली, आणि मग ठोकलं.